ओंडका आडवा की उभा?

वाचक लिहितात : मी चित्रकलेची शिक्षिका होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. गुहागर तालुक्यात आईच्या माहेरची 14 गुंठे जमीन माझ्या वाट्याला आली आहे. खाडीकडे उतरत जाणारी जागा, समुद्र दीडेक किलोमीटरवर. आजोबांनी लावलेले 22 साग अजून उभे आहेत. तिथे मला ओंडक्यांचं घर बांधायचंय, साधारण 600 चौरस फुटांचं, आणि शेजारी 300 चौरस फुटांचा स्टुडिओ. पुण्यातले एक कंत्राटदार म्हणतात, पाइनचं तयार किट मागवू, चार महिन्यांत किल्ली हातात. भाचा व्हिडिओ बघून शिकलाय. तो म्हणतो, ओंडके एकावर एक रचून सळयांनी ठोकू, मी आणि माझे मित्र करू. ओळखीचे एक जाणकार सांगतात, खालच्या ओंडक्याच्या आकाराप्रमाणे वरचा खोदून बसवला तरच ते खरं ओंडक्यांचं घर. आणि गावचे सुतारकाका म्हणतात, “बाय, ओंडक्यांचं घर हितं टिकायचं नाय.” मला लाकडात राहायचंय. कोणाचं ऐकू?

उत्तर :

ताई, नमस्कार.

सुतारकाकांचं ऐका, पण अर्धं. ओंडके आडवे रचून उभं केलेलं घर कोकणात टिकणं कठीण, हे ते बरोबर सांगतायत. लाकूडच टिकत नाही असं मात्र ते म्हणालेले नाहीत. तुमच्या वाडीत एक फेरी मारा. दोन-तीन पिढ्या लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या पडव्या अजून दिसतील. म्हणून माझा सल्ला आधीच सांगून टाकतो. ओंडका आडवा रचू नका, उभा करा. आणि घराच्या आधी स्टुडिओ बांधा.

आता कारणं. लाकूड वाळताना आकसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते कोणत्या अंगानं आकसतं याचा विचार फार थोडे करतात, आणि घराचं बरंवाईट तिथेच ठरतं. लाकूड जाडीत आकसतं. लांबीत जवळजवळ आकसतच नाही. आठ फुटांचा खांब हिरवा, म्हणजे न वाळलेला, उभा केला आणि पुरता वाळू दिला, तरी त्याची उंची दोन-तीन मिलिमीटरनी कमी होईल. तेच हिरवे ओंडके आडवे ठेवून आठ फुटांची भिंत रचली, तर प्रत्येक ओंडक्याचं आकसणं बेरजेत येतं आणि भिंत दोन-अडीच इंच खाली बसते. भिंतीबरोबर छत बसतं. छताच्या मधल्या आधाराचे खांब उभे, म्हणून ते बसत नाहीत. मग चौकटी अडकतात, आढं मध्ये उंच राहतं, नळाचे पाइप ताणतात.

थंड देशांत ही घरं बांधणारे लोक हे धरूनच चालतात. चौकटीच्या डोक्यावर मोकळी जागा सोडून ती पट्टीनं झाकतात, मधल्या खांबांखाली स्क्रूचे जॅक ठेवतात आणि पहिली काही वर्षं पाना घेऊन ते थोडे थोडे उतरवतात. तिकडे घर आतून तापवलेलं असतं, लाकडातली ओल आठ-दहा टक्क्यांवर येते आणि तिथेच राहते. एकदा बसलेली भिंत मग स्थिर होते. आपल्याकडे तसं होत नाही. एप्रिलमध्ये लाकूड वाळतं, जूनमध्ये हवा पाण्यानं जड झाली की पुन्हा ओल धरतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाचा थेंब न लागताही, नुसत्या हवेनं ओल वीस टक्क्यांच्या आसपास जाते. लाकूड कुजवणारी बुरशी वीसच्या वर जगते. म्हणजे कोकणातलं लाकूड दरवर्षी त्या रेषेपर्यंत जाऊन परत येतं. रेषा ओलांडायला त्याला थोडंसंच पाणी जास्त लागतं, आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. वीसेक वर्षांपूर्वी दापोलीच्या बाजूला एका कुटुंबासाठी सुरूच्या ओंडक्यांची दोन खोल्यांची झोपडी मी बांधून दिली होती. ओंडके आडवे, कोपऱ्यात खाच पाडून एकमेकांवर बसवलेले. दिसायला फार देखणी झाली होती. दुसऱ्या पावसाळ्यात दार घासायला लागलं. मी रंधा मारून आलो. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा नैऋत्येच्या कोपऱ्यात सर्वांत खालच्या ओंडक्यावर सहज अंगठा टेकवला, तर तो नखापर्यंत आत गेला. वरून साल तासलेलं गुळगुळीत लाकूड, आणि आत भिजलेल्या पावासारखा भुगा. मी बसून नीट पाहिलं. ओंडक्याला वरच्या अंगाला लांबलचक तडा गेला होता. वाळताना प्रत्येक गोल ओंडका असा तडकतोच. त्या तड्यात झडीचं पाणी भरत होतं आणि पन्हळीत साठावं तसं साठून राहत होतं. तोच ओंडका उभा असता तर तडा गेला असताच, पण पाणी त्यातून निथळून खाली गेलं असतं. त्या घराचे पैसे त्या माणसांनी कष्टानं साठवलेले होते. त्यानंतर कोकणात उघड्यावर आडवा ओंडका मी घातलेला नाही, घालू दिलेला नाही.

आता तुमच्यासमोरचे तीन पर्याय.

जाणकार सांगतात ती पद्धत, स्क्राइब फिट, ओंडक्यांच्या कामातली सर्वांत सुंदर आणि सर्वांत अवघड. खालच्या ओंडक्याचे उंचवटे-खड्डे कंपासनं वरच्या ओंडक्याच्या पोटावर उतरवून घ्यायचे आणि तेवढंच पोट खोदायचं, म्हणजे दोघांमध्ये सुरीचं पातंही जाऊ नये. नॉर्वे, फिनलंड, कॅनडा इथे ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आपल्या देशातही भिंतीत लाकूड आडवं रचायची परंपरा आहे. हिमाचलमधली काठकुणी, देवदाराचा एक थर आणि दगडाचा एक थर. पण देवदार तेलकट, गाभ्याला टिकाऊ, आणि डोंगरातली हवा कोरडी. आपल्याकडे ही पद्धत आणायची तर 600 चौरस फुटांना चाळीस-पन्नास सरळसोट ओंडके लागतील, वीस ते तीस फूट लांबीचे. दहा इंच जाडीचा, पंचवीस फुटी, ऐनाच्या झाडाचा एक हिरवा ओंडका चारशे किलोच्या घरात भरतो. तुमच्या उतारावर क्रेन पोचणार आहे का? आणि बसणाऱ्या भिंतीचे जॅक पुढची पाच वर्षं कोण फिरवणार? गावात हे काम केलेला माणूस नाही, आणि या कामात हात नवखा असला तर ओंडक्या-ओंडक्यातली फट पहिल्या झडीलाच दिसते.

भाच्याची पद्धत बट अँड पास. तिच्यामागचा विचार चांगला आहे: ओंडका खोदायचा नाही, एक कोपऱ्यापलीकडे जाऊ द्यायचा, दुसरा त्याला येऊन टेकायचा, आणि दर दोन फुटांवर सळी ठोकून खालच्याला जखडायचा. सळयांमुळे भिंत बसत नाही. ओंडके जागच्या जागी बारीक होतात आणि मधल्या फटी मसाल्यानं भरायच्या. कोरड्या मुलखात नवखी माणसंही असं घर बांधतात. आपल्याकडे मात्र खारी हवा आणि दमट लाकूड यांच्यामध्ये साधी सळी गंजते, गंजताना फुगते आणि ओंडका आतून फाडते. मसाला सिमेंटचा असतो. लाकूड आकसलं की तो सुटतो आणि त्याच्या मागे केसभर फट पडते. पाणी आत जायला तेवढी पुरते, वाळून बाहेर पडायला पुरत नाही. शिवाय कोपऱ्याबाहेर आलेली ओंडक्यांची टोकं उघडी राहतात, आणि लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते टोकाकडूनच. भाच्याला नाराज करू नका. त्याचे हात आणि त्याचे मित्र तुम्हाला लागणार आहेत, त्याचं काम मी पुढे सांगतो.

किटबद्दल थोडक्यात. न्यूझीलंडचं पाइन वाईट नाही, पण प्रक्रिया न केलेलं ते लाकूड मातीला लागलं तर पाच वर्षंही काढत नाही, आणि वाळवीला ते पेढ्यासारखं लागतं. ‘ट्रीटेड आहे’ या शब्दावर जाऊ नका. औषध दाबानं आतपर्यंत भरलंय की ब्रशनं वरून फासलंय, हे लेखी मागा, आणि एक तुकडा कापून आतला रंग बघा. भट्टीत वाळवलेल्या, खाच-जिभेनं बसणाऱ्या चार इंची फळ्या पहिल्या जुलैत फुगणार. फुगायला जागा सोडली नसेल तर भिंत पोट काढते. आणि जेवढी फळी आली तेवढीच. दहा वर्षांनी एक बदलायची झाली तर ते माप गुहागरात कुठे मिळणार?

या तिन्हीपेक्षा मोठी एक गोष्ट आहे. खोडाचा गोल ओंडका तसाच वापरला की भिंतीचं बाहेरचं अंग म्हणजे खोडाचं पांढरं लाकूड. झाडाचं पाणी त्यातूनच वर चढतं, त्यात पिष्ट असतं, आणि भुंगा व वाळवी त्यालाच लागतात. सागाची ख्याती आहे ती आतल्या गाभ्याची. सागाचं पांढरंसुद्धा भुंगा पोखरतो. जुन्या घरांतले खांब चौकोनी किंवा अठपैलू दिसतात ते केवळ शोभेसाठी नाहीत. सुतार वाकसानं ते पांढरं तासून काढून टाकत आणि गाभा तेवढा उभा करत. सुतारकाकांना विचारा, ते वाकसाची मागची बाजू खांबावर आपटून आवाजावरून सांगतील, कुठे निबर आहे आणि कुठे पोकळ. तुम्हाला गोलच खांब हवे असतील तर तेही होतं: पांढरं संपेपर्यंत तासायचं आणि गाभा गोल ठेवायचा. बारा-तेरा इंच जाडीच्या सागातून दहा इंची गोल गाभा निघेल, किंवा सात इंची चौरस खांब.

म्हणून मी जी पद्धत सुचवतोय तिला इंग्रजी पुस्तकांत पोस्ट अँड बीम म्हणतात, आपल्याकडे खणाचं घर म्हणतात. खांब, त्यावर तुळया, त्यावर छत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. छताचं वजन खांबांवर, भिंत फक्त आडोसा. 30 बाय 20 फुटांच्या घराला दहा फुटांचे खण धरले तर बारा खांब पुरतात. मी हिशेब करून पाहिला: ओंडके रचून भिंती केल्या तर साधारण 600 घनफूट लाकूड लागतं, खांब-तुळयांच्या सांगाड्याला 120 घनफुटांच्या आसपास. छताचं लाकूड दोन्हीकडे सारखंच. एका सागातून दोन खांब निघतील. तुमच्या आजोबांच्या 22 सागांपैकी निम्म्याहून जास्त झाडं उभीच राहतील, आणि तुमच्या खिडकीतून ती दिसतील.

आणि तुमचे ओंडके? ते खणात घाला. दोन खांबांच्या आतल्या अंगाला उभी खाच पाडायची, आणि खणाच्या मापाचे, सहा इंच जाडीचे ओंडके वरून एकेक सोडत जायचे. त्यांच्या टोकाला खाचेत बसेल अशी जीभ काढायची. कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत अशी घरं होत. हे ओंडके आकसतील, पण आपापल्या खणात. छताला त्याचा पत्ता लागणार नाही. वरच्या तुळईखाली इंचभर फट सोडून तिच्यावर पट्टी मारा, झालं. आठ फुटांचा असा एक ओंडका हिरवा असतानाही पंचेचाळीस किलोच्या आसपास भरतो, दोघं उचलतात. हेच भाच्याचं आणि मित्रांचं काम. एका खणाला चौदा ओंडके. दोन आठवड्यांत त्यांचा हात बसेल. यासाठी साग नको, अकेशिया चालेल. फक्त हे खण पडवीच्या आत असू द्या, पाऊस अंगावर घेणाऱ्या बाजूला नको. नैऋत्येची आणि पश्चिमेची भिंत चिऱ्याचीच, म्हणजे जांभ्या दगडाचीच, करा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास, सगळं चिऱ्यात. ओल तिथे ठेवा आणि लाकूड तिच्यापासून लांब.

चिऱ्याच्या भिंतीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मी लपवून ठेवणार नाही, कारण खांबांच्या घराचा तोच कच्चा दुवा आहे. रचलेल्या ओंडक्यांची भिंत वाऱ्याला आडवी उभी राहते. नुसता खांब-तुळयांचा सांगाडा वाऱ्यानं तिरपा होऊ शकतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर मी दापोली-मंडणगडच्या गावांतून फिरलो. खांब शाबूत आणि कौलं, रिपा, वासे शेजारच्या बागेत, अशी घरं मी किती तरी पाहिली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर निघून गेलं. म्हणून सांगाड्याचे दोन कोपरे चिऱ्याच्या भिंतीला बांधा, बाकीच्या सांध्यांत खांबापासून तुळईपर्यंत तिरके आधार द्या, आणि वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब जोत्याला अशी पट्ट्या-बोल्टांची साखळी अखंड ठेवा. बोल्ट स्टेनलेसचे. ऐनासारखी लाकडं साध्या लोखंडाला लवकर खातात, वर खारी हवा. कौलांच्या कडेच्या ओळी तारेनं रिपांना बांधा. वारा शिरतो तो वळचणीकडून.

खांबाचा पाय हा घराचा जीव. चिऱ्याचं जोतं अडीच फूट उंच घ्या, वर काँक्रीटचा पट्टा, आणि प्रत्येक खांबाखाली काळ्या दगडाचा तळखडा, जमिनीपासून सहा-नऊ इंच वर येईल असा. तळखड्याचा माथा किंचित बाहेर उतरता असावा, खोबणी नको. खोबणीत पाणी साचतं. मध्ये स्टेनलेसची एकच खुंटी. तळखडा असला की वाळवीला वर चढायला दगडाच्या अंगावरून मातीची नळी करावी लागते, आणि ती नळी तुम्हाला दिसते. नजर पडेल अशी जागा वाळवी टाळते असं नाही, पण तुम्ही ती वेळेत मोडू शकता. पायाच्या खड्ड्यात बांधकामाच्या फळ्यांचे तुकडे, साली, सेंट्रिंगचं लाकूड पुरून टाकायची गवंड्यांना सवय असते. रोज संध्याकाळी स्वतः उभं राहून ते काढून घ्या. वाळवीचं औषध पायात घालायचं तर विहीर कुठे आहे ते आधी दाखवा. उतारावर वरच्या बाजूला टाकलेलं औषध पावसाबरोबर खालच्या विहिरीत जातं. शेजारच्यांची विहीरही मोजा.

छताबद्दल सुतारकाकांना मी काही शिकवावं असं नाही. मंगलोरी कौलं, उतार चांगला, आणि वळचण चार फूट बाहेर. पागोळ्या जोत्याला लागता कामा नयेत. पावसाळ्यात पश्चिमेच्या पडवीला नारळाच्या चुडतांची झापं बांधायची रीत आहे, ती सोडू नका. दिसायला साधी गोष्ट, पण त्या चार महिन्यांत लाकडाच्या अंगावर पाणी येऊ न देणं हे कुठल्याही महागड्या वॉर्निशपेक्षा जास्त काम करतं.

आता स्टुडिओ. तो आधी बांधा असं सांगतोय याचं कारण साधं आहे. 300 चौरस फूट म्हणजे सहा खांब, तीन-चार झाडं. एक पूर्ण पावसाळा त्यात काढा. कुठून झड येते, कुठल्या कोपऱ्यात बुरशी धरते, कुठला सांधा कुरकुरतो, हे तुमच्याच जागेवर तुम्हाला समजेल, आणि घर बांधताना सुतारकाकांनाही तुमच्या मनातलं घर कळलेलं असेल. झोपायची सोय करून ठेवलीत तर घराचं काम चालू असताना राहायलाही होईल.

चित्रकाराला उत्तरेचा उजेड हवा असतो, हे तुम्ही मला सांगायला नको. पण एक लक्षात घ्या. गुहागर साडेसतरा अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडून येतो. शाळेत हे जाणवलं नसेल, पण उत्तरेला मोठी काच लावलीत तर मेमध्ये कॅनव्हासवर ऊन येईल. वळचण इथेही खोल ठेवा आणि काचेच्या दोन्ही कडांना उभे आडोसे द्या. जूनपासून ढग असतात, तेव्हा काळजी नाही. छतात काचेची कौलं चार-पाचच घाला. जास्त घातलीत तर एप्रिलमध्ये आत बसवणार नाही.

कागद आणि कॅनव्हास मात्र त्या खोलीत ठेवू नका. ओंडक्यांचा खण हवा खेळती ठेवतो, आणि पावसाळ्यात तीच हवा कागदाला बुरशी आणते. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी धरत नाही. सगळा स्टुडिओ कोरडा ठेवायला गेलात तर वीजबिल पेलवणार नाही आणि लाकूडही विनाकारण तडकेल. त्याऐवजी चिऱ्याच्या भिंतींची सहा बाय आठची एक कोठी करा, आतून गिलावा, घट्ट दार, त्यात एक लहान डीह्युमिडिफायर आणि भिंतीवर आर्द्रतेचा काटा. पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर बियाणं ठेवत ते याचसाठी.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो, ती विसरू नका. तुम्ही तैलरंग वापरत असाल, आणि लाकडालाही अळशीचं तेल, पेंटवाले ज्याला बेलतेल म्हणतात ते, लावलं जाईल. त्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर तेल वाळताना त्या आपोआप तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. चार-सहा तासांत. लाकडी घरासाठी याहून मोठा धोका नाही. दाराशी पाण्यानं भरलेला झाकणाचा डबा ठेवा, चिंधी हातातून सुटली की थेट त्यात. कामगार, भाचा, त्याचे मित्र, सगळ्यांना हे पहिल्या दिवशी सांगा. बाहेरच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावा असं सुतारकाका कदाचित सुचवतील. होड्यांना ते लावत आले आहेत. लावा, पण हातमोजे घालून. कातडी भाजते.

कामाचा क्रम असा धरा. सागाची तोड करायला परवानगी लागते, झाड तुमच्या जमिनीत असलं तरी. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ हे सगळे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. कापायला गिरणीवर न्यायचं तर वाहतुकीचा पास वेगळा. खाडीच्या भरतीरेषेपासून जागेचं अंतर सरकारी मोजणीत काढून घ्या, सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम फक्त समुद्राला लागतात असं नाही. तोड पौष-माघात, अवसेच्या आसपास. गावात तीच रीत आहे, आणि त्या दिवसांत लाकूड सावकाश वाळायला पुढचे चार कोरडे महिने हातात असतात. अकेशियाचे ओंडके मात्र सोलून आधी दोन-तीन महिने ओढ्यात किंवा खाडीत बुडवून ठेवा. पिष्ट धुऊन गेलं की भुंग्याला त्यात फारसं काही उरत नाही. बाहेर काढल्यावर ओलसर असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवा. ओल्या लाकडात ते आतपर्यंत शिरतं. पावसात ते धुऊन निघतं, म्हणूनच हे ओंडके पडवीच्या आत हवेत.

खांबांच्या सागाला एका अंगानं, जे अंग पुढे भिंतीकडे जाईल तिथे, गाभ्याच्या मध्यापर्यंत एक उभी करवतीची चीर द्या. वाळताना लाकूड तिथेच उघडेल आणि दर्शनी बाजू शाबूत राहील. मग छपराखाली, जमिनीपासून फूटभर उंच, मध्ये पट्ट्या घालून एक पावसाळा जाऊ द्या. एवढं जाड लाकूड एका वर्षात आतून वाळत नाही, पण उभा खांब थोडा हिरवा असला तरी चालतो हेच तर या पद्धतीचं बळ आहे. दसऱ्यानंतर जोतं, मार्चपर्यंत सांगाडा, मेच्या आत कौलं. भिंती मागाहून. पाऊस छपरावर पडायला लागला की खाली बसून ओंडके खणात सोडायचं काम जूनमध्येही चालेल.

मधल्या काळात रत्नागिरीला गेलात तर थिबा राजवाडा बघून या. ब्रह्मदेशच्या राजासाठी 1910 मध्ये बांधलेला. भिंती चिऱ्याच्या, आणि साग जिथे आहे तिथे छताखाली, वाऱ्यावर. दोन्ही एकमेकांना कसे सांभाळतात ते उभं राहून पाहण्यासारखं आहे.

आता तुमच्याकडून मला एकच हवंय. शिंप्याची टेप घेऊन बावीसच्या बावीस सागांचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजा आणि प्रत्येकापुढे लिहा, सरळ किती फुटांपर्यंत आहे आणि पहिली फांदी कुठे फुटते. मोजताना सुतारकाकांना बरोबर घ्या. यादी पाठवलीत की कुठली झाडं तोडायची आणि खण आठ फुटांचा धरायचा की दहाचा, ते ठरवून कळवतो.